मागणीचे वयही इतिहासात नोंदवा

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचचे, म्हणजे मुंबईबाहेर बसणाऱ्या पण कायम नसलेल्या पीठाचे, उद्घाटन १७ ऑगस्ट २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते झाले आणि दुसऱ्या दिवसापासून कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांचे कामकाज येथे सुरू झाले. त्या आठवड्यात दसरा चौकापासून सीपीआर रुग्णालयापर्यंत चालत जाताना दोन्ही बाजूंचे अभिनंदनाचे फलक मी वाचत गेलो. जवळजवळ प्रत्येक फलकावर कोणी तरी कोल्हापूरला बेंच ‘दिले’ होते. बेंच ‘मागितले’ असे क्रियापद मला एकाही फलकावर दिसले नाही. या पत्राचा विषय तेवढाच आहे, पण त्यासाठी थोडी जागा लागेल. ती आपण द्यावी, अशी विनंती आहे.

मी १९८० ते २०१४ अशी ३४ वर्षे एका सरकारी कार्यालयात आवक-जावक विभागात लिपिक होतो. आलेला प्रत्येक कागद उघडायचा, त्यावर तारखेचा शिक्का मारायचा, नोंदवहीत आवक क्रमांक, पाठवणाऱ्याचे नाव आणि विषय लिहायचा, आणलेल्या दुसऱ्या प्रतीवर पोच द्यायची आणि कागद संबंधित शाखेकडे पाठवायचा, हे माझे काम होते. सरकारी कामात यापेक्षा साधी जागा नसेल. परंतु लोक सरकारकडे काय मागतात, कोणत्या शब्दांत मागतात आणि किती वेळा मागतात, हे या जागेवरून जितके दिसते तितके वरच्या कोणत्याही खुर्चीवरून दिसत नाही, असे माझे मत आहे. मंत्रालयात निर्णय होतो तेव्हा त्या नस्तीवर शेवटचा कागद असतो. पहिला कागद माझ्यासारख्या कोणाच्या तरी टेबलावर येऊन गेलेला असतो, आणि तो बहुधा वहीच्या रेघी पानावर लिहिलेला असतो.

खंडपीठाच्या मागणीचे कागद मी नोकरीच्या आरंभीच्या वर्षांपासून पाहिले. नागपूरचे खंडपीठ आधीपासून होते, औरंगाबादचे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला झाले, त्यानंतर पणजीला झाले. मग कोल्हापूरच्या पक्षकाराने मुंबई का गाठावी, हा प्रश्न वकील मंडळी लेखी विचारू लागली. वकिलांच्या निवेदनांत कलमे असत. १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्यातील ज्या ५१ व्या कलमाच्या आधारे अखेर बेंच झाले, त्याचा उल्लेख त्या कागदांत अनेकदा आलेला असे. पण त्यांच्यासोबत ग्रामपंचायतींचे ठराव येत, सहकारी संस्थांची पत्रे येत, तालमींची आणि तरुण मंडळांची पत्रे येत, आणि त्यांत कलमांऐवजी माणसे असत. चंदगडच्या शेतकऱ्याने आदल्या दिवशी एसटीने कोल्हापूरला यायचे, रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबई गाठायची, सकाळी उच्च न्यायालयाच्या आवारात बसायचे, दुपारी पुढची तारीख पडली असे ऐकायचे आणि पुन्हा रात्रीची गाडी धरायची. वाटणीचा दावा जिंकेपर्यंत वाटणीला आलेल्या जमिनीचा एखादा तुकडा या प्रवासातच खर्ची पडायचा. पुढे वकिलांनी कामकाजावर बहिष्कार टाकले, साखळी उपोषणे झाली, सहाही जिल्ह्यांचे मोर्चे निघाले. आणि जे मिळाले ते आजही सर्किट बेंच आहे. मूळ मागणी कायम खंडपीठाची होती, हेही विसरून चालणार नाही. ४० वर्षांहून जुनी मागणी उद्घाटनाच्या दिवशी एका दिवसाच्या वयाची होते आणि तिची जन्मतारीख म्हणून कोनशिलेवरची तारीख राहते, हे मला अन्यायाचे वाटते.

आपल्याकडे राजकीय इतिहास असाच लिहिला व शिकवला जातो. कायदा कोणत्या साली झाला, कोणाच्या कारकिर्दीत झाला, सही कोणी केली, हे मुलांना पाठ असते. तो कायदा त्याआधी किती वर्षे लोकांच्या तोंडी होता, हे कोणी सांगत नाही. रविवारच्या सुट्टीचेच पाहावे. ती इंग्रजांनी त्यांच्या धर्माच्या सोयीसाठी दिली, असा समज मी चांगल्या शिकलेल्या माणसांकडूनही ऐकला आहे. वास्तविक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेऊन एक निवेदन तयार केले आणि त्यावर सुमारे ५,५०० कामगारांनी सह्या केल्या. आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सूर्यास्तानंतर काम नको, महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत मिळावा, अपघातात भरपाई मिळावी, इतक्या साध्या त्या मागण्या होत्या. गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली ती १० जून १८९० रोजी, आणि १८९१ च्या कारखाना कायद्यात साप्ताहिक सुट्टी आली. त्या सहा वर्षांत किती रविवार यंत्रासमोर गेले, याचा हिशेब कोठेही मांडलेला नाही. आज दर रविवारी आपण रंकाळ्यावर फिरायला जातो त्यामागे साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्या आहेत.

मागणी करणाऱ्यांचे नाव इतिहासात येते तेव्हा ते अनेकदा चुकीच्या शब्दाखाली येते, ही आणखी एक गोष्ट. आपल्याच जिल्ह्यात १८४४ साली सामानगडच्या गडकऱ्यांनी किल्ल्याचे दरवाजे बंद केले आणि तो वणवा भुदरगडापर्यंत गेला. पिढ्यान्‌पिढ्या किल्ल्याची राखण करणारी ही साधी माणसे होती. कंपनी सरकारच्या देखरेखीखाली झालेल्या नव्या कारभारात त्यांची चाकरी आणि चाकरीबद्दलच्या जमिनी यांवर गदा आली, म्हणून ती उठली. दप्तरात याची नोंद ‘गडकऱ्यांचे बंड’ अशी आहे. ज्याला राज्यकर्त्यांनी बंड म्हटले त्याचा गाभा ‘आमच्या जमिनी आणि आमची कामे आमच्याकडे राहू द्या’ असा एका ओळीचा अर्ज होता. तो ऐकून घेणारे कोणी नव्हते, एवढेच. त्यांची मागणी मान्य झाली नाही आणि किल्लेही पुढे निकामी करण्यात आले. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे १२ मे रोजी जे सुरू झाले त्याला इतिहासात ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात. पण त्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतून मुख्यतः कर्जाची खते बाहेर काढली आणि जाळली. माणसांवर हात टाकण्याचे प्रकार तुलनेने फार कमी झाले, हे सरकारी चौकशीतूनच पुढे आले. ज्या कागदाने घर आणि शेत गेले तो कागदच त्यांना नको होता. त्यातून आयोग नेमला गेला आणि १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला, कर्जाच्या दाव्यात न्यायालयाला व्यवहाराचा मूळ इतिहास तपासता येऊ लागला. दंगा म्हणून नोंदलेली घटना चार वर्षांत कायदा झाली. माझ्या दृष्टीने सुप्याची ती पेटवलेली खते म्हणजे निरक्षर माणसांनी दिलेले लेखी निवेदनच होते.

कोल्हापुरात हा विषय काढला की समोरचा माणूस लगेच राजर्षी शाहू महाराजांचे नाव घेतो आणि म्हणतो, “आपल्याकडे तर राजानेच दिले.” हे खरे आहे आणि त्याचा मला पूर्ण अभिमान आहे. २६ जुलै १९०२ चा निम्म्या जागा मागासवर्गीयांसाठी राखण्याचा आदेश कोणत्याही मोर्चाची वाट पाहून निघाला नव्हता. तरीसुद्धा महाराज ज्या प्रश्नांची उत्तरे देत होते ते प्रश्न कोणी विचारले होते, हे पाहायला हवे. १८८२ साली शिक्षणाविषयी नेमलेल्या हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी निवेदन दिले. शेतकऱ्याच्या घामातून आलेला महसूल उच्चवर्णीयांच्या वरच्या शिक्षणावर खर्च होतो, तो आधी खेड्यातील प्राथमिक शाळांवर खर्च करा आणि निदान वयाच्या १२ वर्षांपर्यंतचे शिक्षण सक्तीचे करा, असे त्यांनी मागितले. आयोगाने ते कागद दप्तरी लावले. नामदार गोखले यांनी १९११ साली मध्यवर्ती कायदेमंडळात सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक आणले, तेही नामंजूर झाले. त्याच १९११ साली कोल्हापुरात सत्यशोधक समाज स्थापन झाला, आणि १९१७ साली महाराजांनी संस्थानात मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा १ रुपया दंड ठेवला. फुल्यांच्या मागणीला तेव्हा ३५ वर्षे झाली होती. संपूर्ण देशासाठी तोच हक्क कायद्यात येण्यास २००९ साल उजाडले, म्हणजे १२७ वर्षे. महाराजांचे मोठेपण या हिशेबाने कमी होत नाही, उलट वाढते. इतर सर्व सत्ताधीशांनी दप्तरी लावलेला अर्ज एका राजाने उघडून वाचला, असे मी त्याकडे पाहतो. माणगावला मार्च १९२० मध्ये झालेल्या परिषदेत महाराजांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे बोट दाखवून, तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे, अशा आशयाचे उद्गार काढले. मागणारा स्वतः पुढे यावा, अशीच त्यांची इच्छा होती.

आणि त्यांच्या निधनानंतर १७ वर्षांनी कोल्हापूरची प्रजा खरोखरच पुढे आली. या भागावर मी थोडे अधिक लिहितो, कारण आजच्या मुलांना तो जवळजवळ माहीत नाही. १९३९ साली माधवराव बागल, रत्नाप्पाण्णा कुंभार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रजापरिषदेचे काम उभे केले. शेतसारा कमी करा आणि संस्थानात जबाबदार राज्यपद्धती आणा, म्हणजे कारभारी लोकांनी निवडलेल्या सभेला उत्तरदायी असावेत, अशी त्यांची मागणी होती. ज्या गादीने शिक्षण दिले, राधानगरीचे धरण बांधायला घेतले, वसतिगृहे उभी केली, त्या गादीबद्दल येथील घराघरांत प्रेम होते. माधवरावांची जडणघडण तर सत्यशोधक चळवळीतच झाली होती. तरीही ही माणसे म्हणाली की चांगला राजा मिळणे हे नशिबावर सोडता येणार नाही, कारभार विचारण्याचा हक्क आमच्याकडे असला पाहिजे. उपकार करणाऱ्याकडे हक्क मागणे हे शत्रूकडे मागण्यापेक्षा अवघड असते. त्यासाठी त्यांनी तुरुंगवास सोसला, हद्दपारी सोसली. १९४२ च्या आंदोलनात गव्हर्नर विल्सनच्या पुतळ्याला विद्रूप करण्यासाठी भागीरथीबाई तांबट यांच्यासारख्या स्त्रिया पुढे झाल्या, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात गारगोटीच्या कचेरीवर चालून गेलेल्या तरुणांपैकी ७ जण हुतात्मा झाले. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. पाठ्यपुस्तकात ‘विलीनीकरण झाले’ एवढेच दोन शब्द असतात. बिंदू चौकात डॉ. आंबेडकर आणि महात्मा फुले यांचे पुतळे माधवरावांच्या पुढाकाराने ९ डिसेंबर १९५० रोजी बसले, बाबासाहेब हयात असताना. आज कोणताही मोर्चा निघायचा असला की माणसे त्याच चौकात किंवा दसरा चौकात जमतात. आपण कोणाच्या पावलांवर उभे आहोत, हे त्यांतील फार थोड्यांना ठाऊक असते.

माझ्या स्वतःच्या टेबलावर आलेल्या एका मागणीची आठवण येथे लिहिल्याशिवाय राहवत नाही. गावाचे नाव लिहीत नाही. डोंगरी तालुक्यातील एका गावातून सात-आठ बायका दारूचे दुकान बंद करा, असा अर्ज घेऊन आल्या. अर्ज शाळेच्या वहीच्या पानांवर होता आणि सह्यांपेक्षा अंगठे जास्त होते. मी शिक्का मारला, पोच दिली. महिन्याभराने त्या पुन्हा आल्या, कारण अंगठ्यांसमोर मतदार यादीतील क्रमांक नाहीत म्हणून अर्ज परत गेला होता. त्यानंतर नाव एकीकडे आणि यादीत दुसरे, माहेरचे की सासरचे, अशा कारणांनी त्या पुन:पुन्हा येत राहिल्या. एकदा त्यांच्यातील वयाने मोठ्या बाई मला म्हणाल्या, “दादा, शिक्का जरा ठळक मारा, मागच्या वेळचा पुसट झाला म्हणून आमाला वळखलंच न्हाई.” महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी मतदानात ‘आडव्या बाटली’ला मत दिले तर दुकान बंद झाले पाहिजे, असा नियम महाराष्ट्रात आहे. तो नियम एखाद्या दयाळू अधिकाऱ्याला रात्री सुचला, असे ज्यांना वाटत असेल त्यांनी या बायकांचे ते अंगठे पाहायला हवे होते. राज्यभरच्या गावोगावच्या अशा अर्जांच्या दाबाखाली तो नियम झाला. त्यांच्या गावातील दुकान पुढे बंद झाले. त्या वेळी अधिकाऱ्यांचा सत्कार झाला, बायकांचा झाला नाही.

हाच प्रवास मोठ्या प्रमाणावर रोजगार हमीच्या बाबतीत झाला. १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसे, त्यांत मोठ्या संख्येने स्त्रिया, खडी फोडायला आणि बंडिंगच्या कामावर उभी राहिली. “धान्य वाटू नका, काम द्या,” असे त्यांचे म्हणणे होते. वि. स. पागे यांनी योजनेची मांडणी केली हे खरे आहे आणि त्यांचे ऋण आपण मानलेच पाहिजे. पण कामावरच्या मजुरांनी, त्यांच्या संघटनांनी आणि विरोधी पक्षांनी रस्त्यावर तो प्रश्न पेटता ठेवला नसता तर दुष्काळ संपताच योजनाही गुंडाळली गेली असती, असे मला वाटते. १९७७ साली महाराष्ट्राने कामाच्या हक्काचा कायदा केला आणि २८ वर्षांनी, २००५ मध्ये, देशाने तसा कायदा केला. कुळकायद्याचेही तेच. अलिबागजवळच्या चरी येथील कुळांनी १९३३ पासून सुमारे सहा वर्षे खोतांची शेते न कसण्याचा संप केला. उपाशी राहिले, करवंदे-कंदमुळांवर दिवस काढले. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी होते आणि डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १९४८ च्या कुळकायद्याने मिळालेल्या जमिनीचा सातबारा आपल्यापैकी ज्यांच्या घरात आहे, त्यांनी चरीचे नाव देवघरात लिहून ठेवावे इतके ते ऋण मोठे आहे.

टोलच्या आंदोलनाबद्दल लिहिताना मात्र मी साक्षीदार म्हणून लिहितो. शहरातील रस्ते खासगीकरणातून करायचे आणि त्यासाठी शहराच्या वेशीवर ३० वर्षे टोल घ्यायचा, असा तो करार होता. भाजी घेऊन येणारा उचगावचा टेम्पोवाला, दवाखान्यात येणारा करवीर तालुक्यातील रुग्ण, यांनी आपल्याच गावात शिरताना पैसे मोजायचे. सुरुवातीला आलेली निवेदने पाहिली तर त्यांत ‘टोल रद्द करा’ हे शब्द नव्हते. रस्त्यांचे मोजमाप करा, कामाचा दर्जा तपासा, करारातील अटी जाहीर करा, अशा मागण्या होत्या. हिशेब मागितला आणि मिळाला नाही, तेव्हा मागणी टोलरद्दपर्यंत गेली. हे मी मुद्दाम नोंदवतो, कारण पुढे हे शहर हटवादी आहे, असे चित्र रंगवले गेले. प्रा. एन. डी. पाटील आणि कॉ. गोविंद पानसरे या दोन वृद्धांनी उन्हातान्हात मोर्चांची आघाडी धरली. सर्व पक्षांचे कार्यकर्ते, रिक्षाचालक, व्यापारी, तालमीची पोरे, घरच्या बायका त्यांच्यामागे होत्या. जानेवारी २०१४ मध्ये नाके जाळले गेले ते मला तेव्हाही पटले नाही आणि आजही पटत नाही. आंदोलनाची जमा त्या आगीने वाढली नाही, असे माझे मत आहे. फेब्रुवारी २०१५ मध्ये पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि २० फेब्रुवारीला ते गेले. टोल रद्द झाल्याची घोषणा त्याच वर्षीच्या डिसेंबरात झाली. ती ऐकायला ते नव्हते. त्या दिवशीही गुलाल उधळला गेला आणि त्या दिवशीही काही फलकांवर टोलमुक्ती कोणी तरी ‘दिली’ होती.

लोकांची प्रत्येक मागणी न्याय्य असते, असे मी म्हणत नाही. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव १९७८ साली विधिमंडळाने केल्यावर विरोधासाठीही झुंडी रस्त्यावर आल्या, दलित वस्त्या जळाल्या आणि नामविस्तारासाठी १४ जानेवारी १९९४ पर्यंत थांबावे लागले. गर्दीचा आकार पाहून मागणीचे मोल ठरवता येत नाही. नोंदवहीवर बसून मी माझ्यापुरती एक कसोटी ठेवली होती. जो माणूस स्वतःसाठी मागतो ते शेजाऱ्यालाही मिळावे, असे त्याच्या अर्जात दिसते का, हे मी पाहत असे. खंडपीठाच्या आणि दारूबंदीच्या अर्जांत ते दिसे. काही अर्जांत शेजाऱ्याचे काढून घेण्याचीच भाषा असे. त्यांवरही शिक्का मी तितकाच ठळक मारला, कारण निवड करणे माझे काम नव्हते.

सगळ्या मागण्या पूर्ण होत नाहीत, हेही नोंदीत आले पाहिजे. येथून तासाभराच्या अंतरावर निपाणी आहे. १ नोव्हेंबर १९५६ पासून तेथील आणि बेळगावची मराठी माणसे महाराष्ट्रात येण्याची मागणी करीत आहेत. १७ जानेवारीला हुतात्मा दिन पाळतात. संयुक्त महाराष्ट्रासाठी १९५७ च्या निवडणुकीत लोकांनी जो कौल दिला त्यामुळे दिल्लीला १९६० साली राज्य द्यावे लागले, पण तो कौल देण्यात सामील असलेला हा पट्टा बाहेर राहिला. २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. निपाणीतच १९८१ साली तंबाखूला भाव मागणारे शेतकरी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली पुणे-बंगळूर रस्त्यावर ठाण मांडून बसले होते आणि ६ एप्रिलच्या गोळीबारात १२ जण मारले गेले. त्या वर्षी त्यांच्या पदरात फारसे काही पडले नाही. पण उत्पादन खर्चावर आधारित भाव हे शब्द त्यानंतर कोणत्याही पक्षाला आपल्या जाहीरनाम्यातून वगळता आले नाहीत. इंग्लंडमध्ये १८३८ साली सनदवाल्या (चार्टिस्ट) कामगारांनी सर्व प्रौढ पुरुषांना मतदान, गुप्त मतदान, खासदारांना वेतन अशा सहा मागण्या केल्या. १८३९, १८४२ आणि १८४८ अशी तीन वेळा त्यांची निवेदने फेटाळली गेली. आज त्यांतील पाच मागण्या तेथील कायदा आहेत. सहावी, दरवर्षी निवडणुकीची, तेवढी राहिली.

आता मुद्द्याचे बोलतो. सरकारी दप्तरात कागदांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात. अ वर्गातील कागद कायमचे जपायचे असतात आणि ड वर्गातील लवकरात लवकर नष्ट करायचे असतात. निर्णय, आदेश, करार वरच्या वर्गात जातात. ज्या निवेदनांमुळे ते निघाले ती, माझ्या अनुभवात, बहुतेक वेळा खालच्या वर्गात जात आणि मुदत संपली की रद्दीत निघत. ती रद्दी बांधण्याचे कामही मी केले आहे आणि प्रत्येक वेळी सुतळीची गाठ मारताना मला वाईट वाटले आहे. उत्तर जपायचे आणि प्रश्न जाळायचा, अशा दप्तरावरून उद्याचा अभ्यासक जो इतिहास लिहील त्यात देणारेच दिसणार. कोल्हापूरच्या पुरालेखागारात संस्थानकाळाचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आजही आहेत. त्या काळातील रयतेचे अर्ज त्यांत सापडतात, म्हणून तर आपण रयतेबद्दल काही बोलू शकतो. गेल्या ५० वर्षांतील रयतेचे अर्ज मात्र आपणच टाकून देत आहोत.

म्हणून माझी विनंती अशी आहे. प्रत्येक निवेदनाच्या दोन प्रती असतात. एक कार्यालयात जाते आणि पोच घेतलेली दुसरी मागणाऱ्याच्या घरी राहते. पहिली नष्ट झाली असली तरी दुसरी अनेक घरांत ट्रंकेत, कपाटाच्या वर, तालमीच्या पेटीत अजून असेल. खंडपीठाच्या, टोलच्या, पाण्याच्या, पंचगंगेच्या प्रदूषणाच्या, ऊसदराच्या, सीमाप्रश्नाच्या मागणीचे असे कागद गोळा करण्याचे काम शिवाजी विद्यापीठाच्या इतिहास विभागाने किंवा १८५० पासून चालत आलेल्या करवीर नगर वाचन मंदिरासारख्या संस्थेने हाती घ्यावे. शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने तो सर्व ग्रामपंचायतींनी अनुसरावा म्हणून परिपत्रक काढले. परिपत्रक सरकारच्या संकेतस्थळावर राहील. ठरावाचे मूळ पान आणि त्या ग्रामसभेच्या उपस्थितीचे पुस्तक तितक्याच काळजीने कोणी ठेवले आहे का, याची चौकशी आजच व्हावी. सर्किट बेंचच्या इमारतीतही एखादी भिंत अशी असावी, जिच्यावर सहा जिल्ह्यांतून गेलेल्या पहिल्या निवेदनांच्या प्रती लावलेल्या असतील. आपल्या दैनिकानेही आठवड्यातून एकदा वाचकांच्या घरातील अशा एका जुन्या कागदाचे छायाचित्र, तारखेसह आणि सह्यांसह, छापावे.

माझ्याकडे ३४ छोट्या डायऱ्या आहेत. कार्यालयाची नोंदवही कार्यालयात राहिली, ते योग्यच आहे. पण दिवसभरात मनाला लागलेल्या अर्जाचा विषय आणि गावाचे नाव मी संध्याकाळी घरी येऊन या डायऱ्यांत लिहीत असे. १९८९ ची डायरी वाळवीने खाल्ली आहे, बाकीच्या वाचता येतात. जी संस्था हे काम सुरू करील तिला त्या मी विनामूल्य देईन आणि अक्षर लागत नसेल तेथे शेजारी बसून वाचून दाखवीन. वहीच्या पानावर अंगठे घेऊन आलेल्या त्या बायकांच्या गावातील कोणी हे वाचत असेल आणि ठळक शिक्क्याची ती प्रत कोणाच्या घरी शिल्लक असेल, तर आपल्या कार्यालयात कळवावे. झेरॉक्स काढून आणण्यासाठी मी स्वतः गावी जाईन.

आपला विश्वासू,
एक सेवानिवृत्त आवक लिपिक,
शिवाजी पेठ, कोल्हापूर